एक माणूस सापडू नये

३ सप्टेंबर

पोचलो. नऊ माणसं, तेवीस डाग आणि एक पेटी. माणसं आणि डाग शाबूत आहेत. पेटीचा भाता फाटला. सुवार्तेला आता सूर नाही, नुसता दम आहे.

मिशनचं घर दुमजली. वरच्या लांब व्हरांड्यावर सहा खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर. आम्ही सामान खाली ठेवायच्या आत न्हाणीघराच्या दारावर वेळापत्रक चिकटलेलं होतं. हे माझ्या मेहुण्याचं काम. तो आमच्या मंडळीचा पाळक आणि या सहलीचा (चुकलो, सेवाफेरीचा) प्रमुख. माझी वेळ पहाटे पाच चाळीस ते पाच पन्नास. "भाऊजी, तुम्हाला लवकर उठायची सवय आहे ना?" मला नाही. त्याच्या ताईला आहे.

त्याची ताई म्हणजे माझी बायको. एकतीस वर्षं इस्पितळात काढून मेट्रन म्हणून निवृत्त झाली. सगळं जग तिला सिस्टर म्हणतं. लग्नानंतर आठवडाभर मी नावाने हाक मारून पाहिली, ती वळूनच बघेना. तेव्हापासून मीही सिस्टरच म्हणतो.

दुसरा तक्ता कामाचा. सभागृहाला रंग, बाकांची दुरुस्ती, सकाळी मुलांचा वर्ग, खालच्या व्हरांड्यात सिस्टरचं मलमपट्टीचं टेबल. माझ्या नावापुढे दोन नोंदी: 'मंडळीच्या मासिकासाठी वृत्तांत' आणि 'मंगळवारी भांडी'. सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. शाळेत विचारायचे, ख्रिस्ती असून संस्कृत? चर्चमध्ये विचारायचे, संस्कृत येऊन ख्रिस्ती? आता निवृत्तीनंतर भांड्यांपुढे दोन्ही प्रश्न मिटले.

६ सप्टेंबर

इथली भाषा आमच्यात कोणालाही येत नाही. सगळा व्यवहार एका दुभाष्याच्या तोंडून. तो इथलाच, तरुणपणी आमच्या गावच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात चार वर्षं होता. मराठी शिकला ते शास्त्रातून आणि गीतांच्या पुस्तकातून. त्यामुळे बोलतो असा की जणू दीडशे वर्षांपूर्वीची छापील पुस्तिका पायजमा घालून समोर उभी आहे. मेहुण्याने विचारलं, नळाला पाणी कधी येतं? तो म्हणाला, "जळ मध्यान्ही येते. आपण भांडी सिद्ध ठेवावीत." आमच्यातली तरुण मुलं फिदीफिदी हसली. मी हसलो नाही. इतकं शुद्ध मराठी मी आमच्या शिक्षकांच्या खोलीतही कधी ऐकलं नव्हतं. ज्याची भाषा इतकी स्वच्छ, त्याचं अंतःकरण मळकट असणार नाही, हे माझं जुनं मत आहे.

वय पस्तिशीचं. शर्टाला अशी कडक इस्त्री की बाहीच्या घडीवर बोट कापावं. रोज सकाळी स्वतः करतो म्हणाला, "परक्या हातची मला रुचत नाही." सिस्टर म्हणाली, "फार नीटनेटका आहे हो." कौतुकच असणार.

संध्याकाळी मला एकट्याला त्याने सांगितलं, "माझी पत्नी मजपासून दूर निघून गेली. चौदा मास झाले. तिचे मन ठिकाणी नव्हते." आवाज न चढवता, तक्रार न करता. मासिकासाठी हा माणूस मला सापडला असं वाटलं.

९ सप्टेंबर

आजपासून डबा सुरू झाला. घरी आमच्या मंडळीत जो असतो तोच, फक्त इथे बिस्किटांचा आहे. रोज संध्याकाळी सहाला, जेवणाआधी, प्रत्येकाने आपली विनंती चिठ्ठीवर लिहून टाकायची. नाव लिहायचं नाही. मग डबा फिरतो, ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल त्याने त्या विनंतीसाठी प्रार्थना करायची. बाकीच्यांनी डोळे मिटायचे. शेवटी चिठ्ठ्या चुलीत. आणि प्रार्थना मोठ्याने. मनातल्या मनात केलेली आमच्याकडे धरत नाहीत.

आज निघालेल्या विनंत्या: 'पोट साफ व्हावे' (तीन चिठ्ठ्या, तीन अक्षरं), 'न्हाणीघराच्या वेळा बदलाव्यात' (सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं), 'रंग पुरावा'. माझ्या हाती आली ती अशी: 'पत्नी सापडावी.' अक्षर मोत्यासारखं, म्हणजे नावाची गरज नव्हती.

आठ मिनिटं प्रार्थना केली. हा आकडा मेहुण्याचा, त्याच्या हातात घड्याळ असतं. त्या बाईच्या जाण्याची वाट, रिकामं घर, वाळत न घातलेला पदर, जे जे सुचलं ते सगळं मांडलं. आमच्यातल्या दोन मावश्यांनी डोळे पुसले. दुभाष्याने माझे दोन्ही हात धरले. नंतर तरुण मंडळींनी विचारलं, सर, इतकं कसं सुचतं? म्हटलं, तपशील. तपशिलाशिवाय प्रार्थना म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट.

वर खोलीत सिस्टर म्हणाली, "देवाला सांगत होता की मासिकाला?"

१६ सप्टेंबर

आठवडाभर लिहिण्यासारखं काही नाही, म्हणजे काम चाललं आहे. सभागृहाच्या भिंतीला आम्ही पिवळा देतो आहोत. खरवडताना खाली निळा लागला, तो गेल्या वर्षीच्या तुकडीचा. त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा पिवळा. भिंतीला ओल आहे. ती सगळ्या तुकड्यांना सारखीच भेटते. मी मेहुण्याला म्हटलं, आधी छप्पर बघायला हवं. तो म्हणाला, "भाऊजी, छप्पर फोटोत येत नाही." विनोद असावा.

मुलांना आमच्या मुलींनी हातवाऱ्यांचं मराठी गाणं शिकवलं. मुलं ते आम्हाला बघून रस्त्यात म्हणतात. अर्थ त्यांना कळत नाही, आणि आमचं इथे काय चाललं आहे त्याचा अर्थ आम्हाला.

सिस्टरच्या टेबलाशी मात्र रांग असते. दुभाष्या शेजारी उभा. आज एक म्हातारी बाई मुलाला घेऊन आली होती, चांगली दोन मिनिटं हातवारे करून बोलली, मध्येच रडली. सिस्टरने विचारलं, "काय म्हणतात?" दुभाष्या म्हणाला, "ती आभारी आहे." सिस्टर म्हणाली, "एवढंच?" तो म्हणाला, "आमची भाषा विस्तृत आहे." मला हे फार आवडलं. वृत्तांतात घातलं.

१९ सप्टेंबर

गुरुवार, चादरींचा वार. अठरा चादरींचं गाठोडं घेऊन लॉन्ड्रीत जायचं काम तक्त्यात सिस्टरचं आहे. तीन गल्ल्या ओलांडून, पुलाच्या अलीकडे. परत आली ती थेट हात धुवायला गेली. दुपारी जेवण झाल्यावर मी आडवा झालो तेव्हा दार लावून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला म्हणून सांगते."

लॉन्ड्रीची मालकीण जाडजूड, खमकी बाई आहे. सिस्टर नर्स आहे हे तिला कोणी तरी सांगितलेलं. तिने दंडाला धरून सिस्टरला मागच्या खोलीत नेलं. तिथे एक तरुण बाई इस्त्री करत होती, काहीतरी गुणगुणत. मालकिणीने तिचं पोलकं पाठीवरून वर केलं.

"जुना डाग आहे," सिस्टर म्हणाली. "डाव्या खांद्याखाली. इस्त्रीच्या टोकाचा, त्रिकोणी. कडेला पुन्हा चिघळलाय."

"इस्त्रीवाल्यांना भाजायचंच," मी म्हटलं.

"मनगटाला भाजतं. तळव्याला भाजतं. पाठीला स्वतःच्या हाताने कसं भाजेल? जरा उठून बघा करून."

मी उठलो नाही, पण मनात करून पाहिलं. होत नाही.

भाषेवाचून काय कळायचं ते कळलं म्हणाली. त्या बाईने अंगठीच्या बोटावरचा पांढरा वळ दाखवला. मग रस्त्याकडे बोट करून मान हलवली आणि सिस्टरच्या तोंडावर आपला तळवा ठेवला. "मी म्हटलं, नाही सांगणार. मराठीतच म्हटलं. तिला कळलं."

"बरं केलंस," मी म्हटलं. आम्ही परदेशात येऊन जे काही केलं त्यात हे पहिलंच खरं काम असावं.

२३ सप्टेंबर

आज माझी प्रार्थना चांगली झाली. स्वतःच स्वतःबद्दल लिहू नये, पण दैनंदिनी कोण वाचतो?

डब्यातून माझ्या हाती सिस्टरची चिठ्ठी आली. इस्पितळातल्या तक्त्यावर लिहावं तसं तिचं अक्षर, लपणार कसं? 'एक जखम भरावी. एक माणूस सापडू नये.' त्याआधी दुभाष्याची 'पत्नी सापडावी' निघून गेलेली होती. ती रोज निघते. एकाच डब्यात 'सापडावी' आणि 'सापडू नये' शेजारी शेजारी. देवाने दोन्ही कशा पुरवायच्या, असा गमतीचा विचार मनात आला.

तिने गुरुवारी सांगितलेलं सगळं मला ताजं होतं. नाव कोणाचं घेतलं नाही, मला ठाऊकही नाही. पण चित्र उभं केलं. पुलाजवळची ती मागची खोली, वाफ, खिडकीशी इस्त्री करता करता गुणगुणणारी ती मुलगी, डाव्या खांद्याखाली तो त्रिकोणी डाग, ज्या पाठीने कोणाचं काही बिघडवलं नाही त्या पाठीवर. म्हटलं, प्रभो, जिने तो दिला त्या हाताला लाज दे. (खरं तर 'ज्याने' म्हणायला हवं होतं, भावनेच्या भरात लिंग चुकलं.) डोळे उघडले तेव्हा सगळे डोळे पुसत होते. दुभाष्या सुद्धा खाली मान घालून बसला होता, बाही सारखी करत. मला म्हणाला, "आपण अति उत्तम बोलिलात."

सिस्टर जेवली नाही. पोट बिघडलं असेल. इथे सगळ्यांचंच बिघडलं आहे.

२६ सप्टेंबर

दुभाष्याची नम्रता बघावी. सकाळी गाठोडं बांधत होतो तर आला आणि म्हणाला, "सिस्टरबाईंना आज मलमपट्टीचे काम फार आहे. मी नेतो." एवढा शिकलेला माणूस, खांद्यावर मळक्या चादरी घेऊन निघाला. मेहुण्याने लगेच तक्त्यात फेरफार केला. सिस्टरला कळलं तेव्हा तिच्या हातात कोणाचं तरी पू भरलेलं बोट होतं. म्हणाली, "कोण गेलं? तो?" आणि बोट तसंच सोडून रस्त्यापर्यंत पळत गेली. परत आली. बोट नीट बांधलं. 

संध्याकाळी डब्याला दुभाष्या नव्हता. चादरीही आल्या नाहीत. आज उघड्या गादीवर झोपायचं आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

आज घडलं ते लगेच लिहून ठेवतो. प्रार्थना ऐकली गेली.

उपासनेच्या मध्यात दुभाष्या पुढे आला, हाताला धरून एका तरुण बाईला घेऊन. म्हणाला, "ही माझी पत्नी. हरवली होती, सापडली." आधी आमच्या भाषेत, मग त्यांच्या. सभागृहातले सगळे उठून उभे राहिले. मेहुण्याने दोघांच्या डोक्यावर हात ठेवले. दोन मावश्यांनी तर त्या बाईला पोटाशी धरलं. ती जमिनीकडे बघत होती. भारावली असणार. उकाडा मरणाचा, तरी गळाबंद, लांब बाह्यांचं पोलकं, परीटघडीचं.

कुठे सापडली म्हणून मी विचारलं. दुभाष्या म्हणाला, "आपल्याच मुखातून मार्ग मिळाला." विनयाने बोलायची त्याची पद्धत आहे. मी ते वाक्य जसंच्या तसं वृत्तांतात घेतलं आणि दुपारीच मेहुण्याच्या फोनवरून पाठवून दिला. मथळा: 'डबा ऐकतो'. एवढं चांगलं मी वर्षानुवर्षांत लिहिलं नव्हतं.

सिस्टर उशिरा आली. दारातच उभी राहिली, पुढे पाहिलं आणि गीत चालू असताना निघून गेली.

३० सप्टेंबर

कालचं पान फाडणार होतो. फाडत नाही. राहू दे.

सकाळी सिस्टर खाटेच्या कडेला बसली होती. म्हणाली, "अहो, ती तीच आहे."

"कोण?"

"कोण काय विचारता?"

मला कळायला वेळ लागला. कळल्यावर मी पहिली गोष्ट काय म्हणालो ती इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे विसरायला नको. मी म्हणालो, "मी नाव घेतलं नव्हतं. चिठ्ठीवर नाव नव्हतंच."

"पूल सांगितलात. मागची खोली सांगितलीत. डावा खांदा सांगितलात. तो डाग तिने स्वतः कधी पाहिलेला नाही हो, तिला दिसणार कसा? आपल्या दोघांशिवाय तो नेमका कुठे आहे हे तिथे माहीत असलेला एकच माणूस, आणि तो तुमच्यापासून दोन हातांवर बसला होता."

"मी देवाला सांगत होतो."

"देवाला पत्ता माहीत होता."

मग ती खिडकीतून खालच्या रांगेकडे बघू लागली. आज टेबलाशी गेलेली नव्हती. म्हणाली, "तुमचे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते. तुम्ही खांद्याचं बोललात तेव्हा त्याने डोळे उघडले. काही केलं नाही. बाही सरळ केली नुसती. मी मनाला म्हटलं, उगाच. गुरुवारी आपणच जाऊ आणि मालकिणीला खुणेने सांगू. तेवढं कळवायलाही तीन दिवस थांबले मी."

"तू काय करणार होतीस?"

"डब्यात टाकलीच नसती. एकतीस वर्षं पेशंटचं घरी सुद्धा बोलले नाही. इथे येऊन लिहून दिलं, का तर सगळे लिहितात." ती उठली. "माझंही आहे त्यात. तुमचं जास्त आहे."

१ ऑक्टोबर

मेहुण्याकडे गेलो. तो बाकांना रंग देत होता. सगळं सांगितलं, माझ्या प्रार्थनेसकट.

म्हणाला, "भाऊजी, आपण जोडायला आलो की तोडायला?"

"तिच्या पाठीवर डाग आहे."

"ताईने पाहिलाय?"

"हो."

"कोणी दिला हे पाहिलंय?"  तो ब्रश निथळवत म्हणाला, "संसारात भांड्याला भांडं लागतं. तो इतक्या वर्षांचा आपला माणूस. तरी तुमच्या समाधानासाठी तिलाच विचारू या."

"कोणत्या भाषेत?"

"दुभाष्या आहे की."

हे त्याने सहज म्हटलं. म्हटल्यावर त्याचं त्यालाही काहीतरी जाणवलं असावं, कारण तो एकाच बाकाला दुसऱ्यांदा रंग देऊ लागला. मग म्हणाला, "आणि वृत्तांत तर गेला. पुढच्या अंकात पहिल्या पानावर आहे. खूप लोकांना बळ मिळेल त्याने."

मंगळवार होता. भांडी घासली.

४ ऑक्टोबर

दुभाष्याने चहाला बोलावलं. आम्ही दोघं आणि मेहुणा. सिस्टर येणार नाही असं वाटलं होतं, ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन उभी.

दोन खोल्यांचं घर, लखलखीत. बाहेरच्या खोलीत मधोमध इस्त्रीचं टेबल, त्यावर पांढरं फडकं ताणून बसवलेलं आणि इस्त्री उभी करून ठेवलेली. पाहुण्यांच्या खुर्च्या त्याच्या भोवती. चहा तिने आणला. कप ठेवताना वाकायची नाही, गुडघ्यात बसून ठेवायची, पाठ सरळ. सिस्टरने ते पाहिलं, मी सिस्टरला पाहिलं. 

मेहुणा म्हणाला, "विचारा, आता बरं वाटतं ना?"

दुभाष्याने तिला विचारलं. प्रश्न बराच लांब होता. ती एक शब्द बोलली.

"ती म्हणते, आनंद आहे."

सिस्टरने कप खाली ठेवला, उठली, तिच्याजवळ जाऊन मनगट हातात घेतलं आणि नाडी बघू लागली, घड्याळ लावून, पुरतं एक मिनिट.  दुभाष्या म्हणाला, "ती निरोगी आहे." सिस्टर म्हणाली, "मोजतेय मी." तेवढं एक मिनिट ती बाई सिस्टरच्या तोंडाकडे बघत होती. गुणगुणणारी म्हणून मी जिचं वर्णन केलं होतं ती हीच.

११ ऑक्टोबर

उद्या निघायचं. आज निरोपाची सभा. मेहुण्याला कल्पना सुचली की शेवटच्या दिवशी डबा इथल्या लोकांसाठीही खुला ठेवावा. त्यांच्या चिठ्ठ्या दुभाष्या वाचून दाखवील, आम्ही प्रार्थना करू. तीसएक माणसं होती. दुभाष्याची बायको पाण्याचे पेले फिरवत होती. डब्यापाशी तिने एकदा ताट टेकवलं.

डबा माझ्यापाशी आला. हात घातला. आठ घड्या घातलेला बारीक कागद, कडेला भोक. लॉन्ड्रीत कपड्यांना अडकवतात ती चिठ्ठी. उलगडली. चार ओळी, इथल्या लिपीत, घाईघाईच्या.

दुभाष्याने हात पुढे केला. "मजकडे द्या. मी वाचतो."

सगळ्यांनी डोळे मिटलेले होते. मी मिटले नाहीत, आयुष्यात पहिल्यांदाच. उघडे डोळे चौघांचे होते: माझे, त्याचे, सिस्टरचे आणि पाण्याचं ताट घेतलेल्या त्या बाईचे.

मी म्हटलं, "नियम आहे आमचा. ज्याच्या हाती आली त्याने प्रार्थना करायची."

"पण आपणांस ती वाचिता येत नाही."

"ज्याला लिहिली त्याला येते."

आणि उभा राहिलो आणि एक अक्षर बोललो नाही. मनातल्या मनातही काही बोललो नाही, खरं सांगायचं तर. फक्त चिठ्ठी मुठीत घट्ट धरून उभा होतो. मेहुणा दोनदा खाकरला. एका मावशींनी डोळा किलकिला करून पाहिलं. मग मी 'आमेन' म्हणून बसलो. डबा पुढे गेला.

सभा संपल्यावर दुभाष्या आला. बाहीची घडी तशीच. "ती चिठ्ठी?"

"चुलीत गेली," मी म्हटलं. "सगळ्या जातात."

हे खोटं होतं. सव्वीस वर्षं मुलांना सत्यावर निबंध लिहायला लावले, त्यानंतर इतक्या सहज जमलं.

खोलीत येऊन चिठ्ठी सिस्टरच्या हातावर ठेवली. म्हटलं, "वाचणारं कोणी आहे का?"

ती म्हणाली, "आहे एक."

१२ ऑक्टोबर

गाडी बाराला. सकाळी नऊला सिस्टरने खाटांवरच्या चादरी ओढून काढल्या आणि गाठोडं बांधलं.

"येऊ का मी?"

"नको. तुम्ही सामान बांधा."

साडेदहाला परत आली, रिकाम्या हाताने. मेहुणा म्हणाला, "ताई, आज चादरी कशाला दिल्यास? उद्या मिळतील त्या. आपण उद्या नाही."

"दुसरं कोणी अंथरील," ती म्हणाली.

मी हळूच विचारलं, काय लिहिलं होतं? तिने पिशवीची चेन लावली. म्हणाली, "जिने वाचायचं तिने वाचलं."

दुभाष्या पोचवायला आला होता. प्रत्येकाचा हात हातात घेतला. मला म्हणाला, "आपली वाणी माझ्या स्मरणात राहील." सिस्टरच्या दोन्ही हातांत सामान होतं. तिने ते खाली ठेवलं नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

घरी येऊन तीन आठवडे झाले. अंक आला. पहिल्या पानावर 'डबा ऐकतो', आणि फोटो: पिवळी भिंत, दुभाष्या, खाली बघणारी ती. चर्चच्या दारात लोक हात हातात घेतात. एक जण म्हणाला, सर, रडलो वाचून. मी संपादकांना दोन ओळींचं पत्र दिलं होतं, की हा वृत्तांत मागे घ्यावा. त्यांनी ते नम्रपणा समजून परत पाठवलं.

आज उपासनेआधी मेहुण्याने एक पत्र वाचून दाखवलं. दुभाष्याचं. तेच मोत्यासारखं अक्षर. 'आपण गेल्यावर नवव्या दिवशी माझी पत्नी पुन्हा निघून गेली. लॉन्ड्रीचे दार बंद आहे, मालकीणही तेथे नाही. आपल्या मंडळीने तिच्या सापडण्यासाठी प्रार्थना करावी. ज्या बंधूंच्या प्रार्थनेने ती पूर्वी सापडली त्यांनीच ती करावी, अशी विनंती आहे. आपणांपैकी कोणास काही ठाऊक असल्यास कळवावे.'

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "या पुढे." माझ्याकडे बघत नव्हता.

गेलो. सगळ्यांनी डोळे मिटले. पहिल्या बाकावर सिस्टर, डोळे उघडे. मी तिच्याकडे पाहिलं. तिला ठाऊक आहे. नवव्या दिवशी काय ठरलं होतं, कोण कुठे गेलं, ते त्या चार ओळींत असेल किंवा मालकिणीने खुणेने सांगितलं असेल. पण तिला ठाऊक आहे. मला काहीही ठाऊक नाही. पूल नाही, खोली नाही, गाव नाही. माझ्यापाशी तपशील एकही नव्हता. "प्रभो," म्हटलं, आणि पुढे काही सुचलं नाही. "आमेन." कोणी तरी आश्चर्याने मान वर केली.

घरी येताना सिस्टर म्हणाली, "आज छोटी झाली."

"हो."

फाटक उघडता उघडता मी म्हटलं, "ती सुखरूप आहे एवढं तरी सांग."

तिने किल्ली काढली, कुलूप उघडलं, चपला जागेवर ठेवल्या. मग म्हणाली, "तुम्हाला कशाला सांगू?"

रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.